जुलैतल्या मिठ्या

खुर्ची ओली असेल तर पुसून द्यायची. तिकीट बघून जागा दाखवायची. आणि समोर बॅटर उभा असेल तेव्हा पायऱ्यांवरून कुणालाही खाली सोडायचं नाही, मग तो गावचा मेयर का असेना. एवढं जमलं की माझी नोकरी तुम्हीही करू शकाल. बाकी कोण रडतंय, कोण भांडतंय आणि कुठल्या खेळाडूला कुठल्या गावी धाडणार आहेत, हे काही नोकरीत बसत नाही. पण खरं सांगायचं तर दिवसभर चालतं तेच.

मी बेसबॉलच्या स्टेडियममध्ये अशर आहे. आपल्याकडे थिएटरात टॉर्च घेऊन जागा दाखवणारा माणूस असायचा ना, तसंच, फक्त उन्हात. इथे अमेरिकेत आमच्या अल्फारेटाच्या घरापासून गाडीने तासाच्या आत एक लहान स्टेडियम आहे, तिथे उन्हाळाभर. आमचे हे रिटायर झाले, त्यांनी सोफ्याचा आणि क्रिकेटच्या चॅनेलचा ताबा घेतला. दोघांपैकी एकाने तरी घराबाहेर पडायला हवं होतं. मग मी पडले.

लोकांना वाटतं, बार्शीची मॅट्रिक झालेली बाई बेसबॉलमध्ये कशी? अहो, मी इंग्रजी शिकले तेच बेसबॉलवर. लग्नानंतर आम्ही आधी मिशिगनमध्ये, ट्रॉयला होतो. हे ऑफिसला गेले की घरात मी आणि स्वयंपाकघरातला रेडिओ. रेडिओवर रोज दुपारी सामना. पोळ्या लाटता लाटता कानावर पडत गेलं ते इंग्रजी. एकदा दाताच्या डॉक्टरने विचारलं, कितपत दुखतंय? मी म्हटलं, "बेसेस लोडेड." म्हणजे सगळे बेस भरले, आता काही खरं नाही. त्याने लगेच दात काढला. वाईट एवढंच वाटतं की माझ्या इंग्रजीला कोण नोकरी देणार, म्हणून निम्मं आयुष्य घरात बसून राहिले. इथे तर कुणाला त्याची पडलेलीच नव्हती.

आता ज्यांना बेसबॉल कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे आपल्या मंडळातल्या निम्म्या बायकांसाठी आणि आमच्या ह्यांच्यासाठी, थोडं सांगते. प्रत्येक मोठ्या संघाचे खाली लहान लहान संघ असतात. आमचा संघ म्हणजे मोठ्या संघाच्या लगेच खालची पायरी. इथल्या पोरांना ध्यास एकच, वरून बोलावणं कधी येतं. वर कुणाचा खांदा दुखावला की फोन वाजतो आणि इथला एक जण बॅग भरून जातो. हा झाला कॉल-अप. दुसरा प्रकार ट्रेड. ट्रेड म्हणजे साटंलोटं हो! तुमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आम्हाला द्या, आमची दोन होतकरू पोरं तुम्ही घ्या. पोरांना कुणी विचारत नाही. जुलैच्या शेवटाला ह्या देण्याघेण्याची मुदत संपते, म्हणून सगळा जुलै म्हणजे नुसती लग्नसराई.

होतकरू पोरांना प्रॉस्पेक्ट म्हणतात. त्यांच्याबद्दल लोक बोलायला लागले की मला थेट आमच्या आत्याबाई आठवतात. "मुलगा उंच आहे, पण जरा आळशी वाटतो." "वडीलही खेळायचे ना त्याचे? मग घराणं चांगलं." "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणे. लपवून ठेवलंय त्यांनी." फक्त पोह्यांच्या जागी हॉट डॉग.

माझा भाग आमच्या संघाच्या डगआऊटला अगदी लागून. डगआऊट म्हणजे खेळाडू बसतात ती खड्ड्यातली ओसरी. कठड्याशी उभं राहिलं की आतलं सगळं दिसतं. म्हणून तिथे कायमचे बसणारे तिघं आहेत. वॉल्टर, आयुष्यभर घरोघर टपाल वाटलेला, एका कानात रेडिओ, दुसऱ्या कानाने आमचं ऐकणार. डोना, स्कूलबस चालवायची, अजूनही मागे न बघता "बसून घ्या!" म्हणाली की चार रांगा बसतात. आणि आपला संदीप, मूळ नागपूरचा. वर्क फ्रॉम होम करतो, पण त्यातलं होम कुठलं ते कंपनीला अजून कळलेलं नाही. त्याने पहिल्या दिवशी मला काकू म्हटलं आणि मग सगळा भागच म्हणायला लागला. वॉल्टर जुन्या वळणाचा, तो "मिस काकू" म्हणतो.

ह्या लोकांचं मोठं शास्त्र म्हणजे मिठी. सामना चालू असताना खेळाडूला मध्येच बाहेर काढलं आणि डगआऊटमध्ये मिठ्या सुरू झाल्या, की काहीतरी घडलं. काय घडलं ते मिठीवरून ओळखायचं. डोनाचा त्यात हात कुणी धरत नाही. पोरं हसत हसत पाठीवर थापा मारतायत, तर वरून बोलावणं आलं. कोच मानेवर हात ठेवून कोपऱ्यात नेतोय, तर ट्रेड. नुसतंच हस्तांदोलन, तर बिचाऱ्याला नारळ दिला. एक गृहस्थ तर पार्किंगमध्ये जाऊन कुठल्या खेळाडूची गाडी धुतलेली आहे ते बघून यायचे. गाडी धुतली म्हणजे लांबचा प्रवास! पोरगा आपला डेटवर निघालेला असायचा.

हसू येतं, पण कधी कधी वाईटही वाटतं. कोल्बी नावाचा एक ताडमाड पिचर होता, माझ्या चकल्यांवर जीव. एका दुपारी कोच मैदानात गेला, त्याच्या हातातून बॉल घेतला, मानेवर हात ठेवला. डोना म्हणाली, "गेला." कठड्याखालून जाताना त्याने वर बघितलं.

"काकू, ओहायोत थंडी फार असते का?"

मी म्हटलं, "स्वेटर घे."

झालं. महिनोन् महिन्यांची ओळख, आणि निरोप म्हणजे स्वेटर घे. ह्या नोकरीत ते एक वाईट आहे. निरोपाला वेळच देत नाहीत.

आम्हा अशर लोकांना दोन ताकिदी असतात. खेळाडूंकडे सह्या मागायच्या नाहीत, आणि आतलं काही कानावर आलं तर ते बाहेर बोलायचं नाही. पहिली मी सहज पाळते. सही घेऊन करायचं काय? दुसरीचं सांगते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे हेक्टर नावाचा कॅचर होता. कॅचर म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवा बसून बॉल पकडणारा. आपल्याला चूल फुंकायची सवय होती तरी आपले गुडघे गेले, ह्याचं काय होत असेल विचार करा. टेक्ससचा, तिशी ओलांडलेला, म्हणजे इथल्या हिशेबाने आजोबाच. किती गावं, किती संघ झाले त्याचे, पण वरून बोलावणं एकदाही नाही. आणि त्याच संघात दुसरा कॅचर होता ब्रेडन. कोवळं पोरगं, गोरंगोमटं, बॉल मारला की पार्किंगपर्यंत. प्रॉस्पेक्टच्या सगळ्या याद्यांमध्ये त्याचं नाव. संदीप त्याच्यावर फिदा.

"काकू, ब्रेडन म्हणजे फ्यूचर आहे यार. हेक्टरला कोण बोलावणार आता?"

वॉल्टर रेडिओ काढून म्हणायचा, "पिचरला विचार, त्याला समोर कोण बसलेला हवा असतो."

हेक्टर रोज सामन्याआधी लवकर बाहेर येऊन कठड्याशी गुडघे मोकळे करायचा. मी खुर्च्या पुसत असायची. त्याचं इंग्रजी माझ्यासारखंच, जोडाजोडीचं, त्यामुळे आमचं छान जमायचं. एक दिवस म्हणाला, "काकू, हे माझं शेवटचं वर्ष. बायकोला दिवस गेलेत. सासऱ्यांचा फरश्या बसवायचा धंदा आहे, ऑक्टोबरपासून त्यात जाणार. फक्त एकदा वर जायचंय. एक दिवस चालेल. मुलीला सांगता आलं पाहिजे, की गेलो होतो."

मुलगीच होणार हे त्यांना आधीच कळलेलं होतं. मी हे घरी ह्यांना सांगितलं. क्रिकेट बघता बघता हे म्हणाले, "राखीव विकेटकीपर." मग थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज कमी करून विचारलं, "मग? बोलावतील का गं त्याला?" तेव्हापासून रोज घरी गेल्यावर पहिला प्रश्न तोच.

आणि मग तो रविवार आला. भर दुपार, मुदत संपायला थोडेच दिवस उरलेले, आणि सामना रंगात असताना हेक्टरला अचानक बाहेर काढलं. डगआऊटमध्ये मिठ्या!

डोना ताडकन उठली. "हसतायत! वर चालला!"

"थांब," वॉल्टर म्हणाला, "कोचचा हात मानेवर आहे."

"पण कोचही हसतोय."

"आणि हेक्टर रडतोय."

हसणारा कोच, मानेवर हात आणि रडणारा खेळाडू, हे डोनाच्या शास्त्रात बसेना. तेवढ्यात हेक्टर हेल्मेट फेकून आतल्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोगद्यात चक्क पळत सुटला. कॅचर कधी पळत नाही हो. डोनाचा धीर सुटला, ती रडायला लागली. ती रडतेय म्हणून वॉल्टरने चष्मा काढला. आणि ते दोघं रडतायत म्हणून मला रडू आलं. का ते मला माहीत नव्हतं. लग्नात पाठवणीच्या वेळी आपण मुलीला ओळखत नसलो तरी रडतोच की.

पायऱ्यांवर उभी राहून मी डोळे पुसतेय तोच फोन वाजला. माझा मुलगा, बेलव्ह्यूहून. ड्यूटीवर फोन घ्यायचा नसतो, पण म्हटलं काही इमर्जन्सी असेल.

"आई, तुमचा कॅचर ट्रेड झाला? इथे सगळे म्हणतायत. Confirmed आहे म्हणे."

"कुणी केलं कन्फर्म?"

"कुणीतरी ग्राउंडवरून पोस्ट केलंय. थांब, वाचतो. 'डगआऊटजवळची अशर रडतेय. तिला सगळं माहीत असतं.'"

मी वळून बघितलं. संदीप फोन छातीशी धरून बसला होता.

"संदीप!"

"काकू, तुम्ही रडत होतात ना! मला वाटलं, तुम्हाला आतलं कळलं."

"अरे, डोना रडली म्हणून मी रडले!"

"मग डोना का रडली?"

डोना म्हणाली, "मला वाटलं, काकूला माहीत आहे!"

म्हणजे आमच्याच पायऱ्यांवरची अफवा पार वॉशिंग्टन स्टेटला जाऊन माझ्याच मुलाच्या तोंडून माझ्याच कानात परत आली. थोड्या वेळाने लाऊडस्पीकरवर जाहीर झालं. हेक्टरच्या बायकोला टेक्ससमध्ये दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या, त्याला विमानतळावर पिटाळलं होतं. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. आमच्या भागातल्या सगळ्यात जोरात, कारण आम्हाला तोंड लपवायचं होतं.

माझी सुपरवायझर पॅटी दुसऱ्या दिवशी म्हणाली, "काकू, ह्यापुढे रडायचं असेल तर आधी कळव, प्रेसला बोलावते."

पण आता गंमत संपते. हेक्टर टेक्ससला पोचून मुलीला मांडीवर घेऊन बसला होता, आणि त्याच संध्याकाळी वरच्या संघाच्या कॅचरच्या बोटावर बॉल आदळून बोट मोडलं. वर कॅचर हवा होता, ताबडतोब. इथे हजर कोण? ब्रेडन. ब्रेडन गेला.

दुसऱ्या दिवशी आमचा भाग सुतकात. ब्रेडनवर फिदा असलेला संदीपसुद्धा नाचोज पुढ्यात घेऊन नुसता बसला होता. "काकू, मला हवं होतं तेच झालं यार. पण असं नको होतं."

डोना म्हणाली, "हेक्टर इथे असता तर?"

"तर काय," वॉल्टर म्हणाला, "ते कधीच कळणार नाही." आणि त्याने दोन्ही कानांत रेडिओ घातला.

घरी ह्यांनी विचारलं तेव्हा मी नुसती मान हलवली. तर हे म्हणाले, "मुलगी झाली ना? मग हरला कुठे?" कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलले. तरी मला जेवण गेलं नाही.

हेक्टर परत आला तो फोटो घेऊन. खुर्च्या पुसता पुसता मला सगळे दाखवले. एलेना नाव ठेवलं होतं. नाक बापाचं, जावळ दाट. ब्रेडनचा विषय मी काढणार नव्हते, त्यानेच काढला. "चांगला मुलगा आहे. पहिल्या दिवशी घाबरला होता, मी फोनवर समजावलं." मग गुडघे मोकळे करत म्हणाला, "काकू, मी तिथेच असायला हवं होतं, जिथे मी होतो." एवढं बोलून तो सरावाला गेला.

मुदत संपायचा दिवस उजाडला. मी नेहमीसारखी दारं उघडायच्या आधी कामाला लागले होते. डगआऊटमधून हेक्टर बाहेर आला तो साध्या कपड्यांत, खांद्यावर बॅग. वर ब्रेडन असताना साध्या कपड्यांत बॅग म्हणजे एक तर ट्रेड, नाहीतर नारळ.

तो कठड्याशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "वरच्यांनी ब्रेडनलाच ट्रेडमध्ये देऊन टाकलं, काकू. पिचरच्या बदल्यात. वर कॅचर नाही." आणि त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

मी कठड्यावरून वाकून त्याला मिठी मारली. पुऱ्या संघाच्या आधी पहिली मिठी माझी. त्याने बजावलं, "जाहीर होईपर्यंत कुणाला सांगू नका." आणि गेला.

आता तुम्हीच सांगा, हे तोंडात धरून ठेवायचं म्हणजे काय! दारं उघडली, आमची मंडळी आली. संघाच्या यादीत हेक्टर नाही. झाली सुरुवात.

"दुखापत," वॉल्टर म्हणाला.

"नाही, ट्रेड," डोना म्हणाली. "आज शेवटचा दिवस."

संदीप फोनवर बोटं नाचवत होता. "काहीच नाही यार कुठे. काकू, तुम्ही सकाळपासून इथे आहात. काही दिसलं?"

"मी खुर्च्या पुसते बाबा," मी म्हटलं आणि पलीकडे वळले.

मागून वॉल्टरचा आवाज आला. "मिस काकू, माझी खुर्ची तुम्ही आत्ता दुसऱ्यांदा पुसलीत. आणि मी त्यात बसलेलो आहे."

डोनाने मला खांद्याला धरून वळवलं. माझं तोंड बघितलं. बस चालवणाऱ्या बाईला आरशात पोरांची तोंडं बघून सगळं कळायचं म्हणे. "रडत नाहीये," ती म्हणाली. "ओठ दाबून धरलेत. हसू दाबतेय ही!"

"मी काही बोललेले नाही!"

"तुम्ही काहीच बोलला नाहीत, मिस काकू," वॉल्टर उठून टोपी काढत म्हणाला, "आम्ही साक्षीदार आहोत." आणि तिघांनी आवाज न करता, नुसते हात वर करून नाच केला. पॅटी लांबून बघत होती. तिला वाटलं, मधमाशी आली.

शनिवारी दुपारी वरच्या संघाने हेक्टरला खेळवलं. आमचा सामना सुरू व्हायला अवकाश होता. संदीपचा फोन डोनाच्या टोपीला टेकवून उभा केला आणि सगळा भाग त्याच्याभोवती. पॅटीसुद्धा "मी फक्त गर्दी का झाली ते बघायला आले" म्हणून थांबली. हेक्टर बॅट घेऊन उभा राहिला. पहिला बॉल सोडला. दुसऱ्याला बॅट लागली, पण अगदी कडेला. बॉल तिसऱ्या बेसच्या दिशेने गोगलगायीसारखा निघाला. समोरचा खेळाडू पुढे धावला, नुसत्या हाताने उचलला, फेकला. आणि आमचा हेक्टर, ते दोन गुडघे घेऊन, बैलगाडी उताराला लागल्यासारखा धावत होता. डोना फोनवर ओरडत होती, "पळ! पळ!" जणू तो ऐकतोय.

पंचाने हात पसरले. बॉलच्या आधी बेसवर पोचला होता, म्हणजे हिट.

पहिल्या हिटचा बॉल बाजूला काढून खेळाडूला देतात, तशी पद्धत आहे. पडद्यावर दिसलं, कुणीतरी तो बॉल डगआऊटकडे टाकला आणि हेक्टर बेसवर उभा राहून नजरेने त्या बॉलचा पाठलाग करत होता. हरवू नये म्हणून. वॉल्टर म्हणाला, "आयुष्यात इतका घाणेरडा हिट मी पाहिला नाही," आणि नाक शिंकरलं. घरी आले तर हे दारातच उभे. "पाहिलं मी! चॅनेल बदललं होतं."

वरच्या कॅचरचं बोट जुळलं तसा हेक्टर परत खाली आला. त्याची काही तक्रार नव्हती. वरच्या हॉटेलातल्या उशा फार मऊ, झोपच येत नव्हती, असं म्हणाला. सीझनच्या शेवटच्या रविवारी त्याची बायको मरिसोल टेक्ससहून एलेनाला घेऊन आली आणि सामना संपल्यावर आमच्या भागात येऊन बसली. बाळ हातोहात फिरलं आणि शेवटी डोनाच्या मांडीवर स्थिरावलं.

एलेनाने वॉल्टरचं बोट गच्च धरलं. सोडेचना.

"पकड बघा," वॉल्टर गंभीरपणे म्हणाला. "कॅचर."

"डाव्या हाताने धरलंय," डोना म्हणाली. "पिचर होणार. लिहून ठेवा."

संदीपने वाकून पावलं तपासली. "पाय लांब आहेत यार. हिला कॅचर करून वाया घालवू नका, स्पीड आहे."

"गुडघे कुणाचे, बापाचे का?" वॉल्टरने मरिसोलला विचारलं.

"माझे," ती म्हणाली. "देवाची कृपा."

"मग घराणं चांगलं!"

हेक्टर कठड्याच्या पलीकडून ऐकत उभा होता. संदीप त्याला म्हणाला, "हेक्टर, समज एखाद्या संघाने हिच्यासाठी दोन पिचर आणि एक शॉर्टस्टॉप दिला, तर?"

हेक्टरने कठड्यावरून हात लांब केले, डोनाच्या मांडीवरून लेकीला उचललं आणि छातीशी घेतलं.

"फोन बंद आहे म्हणून सांग," तो म्हणाला.